दोन तासांचें काम

मोटारगाडी कारागिराच्या स्वाधीन करतांना मालक सहसा दोनच प्रश्न विचारतो : वेळ किती लागेल, आणि पैसे किती होतील? कारागीर मनांत हिशेब मांडतो. चाक काढावयाचें, जुना भाग उतरावयाचा, नवा बसवावयाचा, चाक पुन्हां चढवावयाचें. दोन तास पुरेत. हें गणित चुकीचें नसतें. मात्र त्यांत एक गोष्ट न बोलतां गृहीत धरलेली असते, ती ही कीं, एका माणसानें आवळलेला नट दुसऱ्या माणसाला सोडवितां येईल. हें गृहीत कोसळलें म्हणजे दोन तासांच्या कामाचे दोन दिवस होतात, मालक व कारागीर यांच्यांत कुरबूर सुरू होते, आणि दोष नेमका कोणाचा हें दोघांनाहि सांगतां येत नाहीं. दोष असतो तो बहुधा गंजाचा; आणि गंजाचा स्वभाव पाहावयाचा असेल तर अकोल्यासारखें ठिकाण शोधून सांपडणार नाहीं.

अहिल्यानगर जिल्हा म्हटला कीं पुण्यामुंबईच्या श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें कोरडें माळरान आणि पाण्याच्या टँकरची वाट पाहणारीं गांवें उभीं राहतात. परंतु याच जिल्ह्याचें पश्चिम टोंक, म्हणजे अकोले तालुका, सह्याद्रीच्या कण्याला टेकलेला आहे. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर, याच तालुक्याच्या सीमेवर आहे. हरिश्चंद्रगड येथला, रतनगडहि येथला. रतनगडाच्या परिसरांत उगम पावणारी प्रवरा १९२६ सालीं पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणांत विसावते, रंधा येथें कड्यावरून उडी घेते आणि मग अकोले गांवाजवळून संगमनेरकडे जाते. घाटमाथ्यावरील घाटघर, रतनवाडी या बाजूला एका पावसाळ्यांत चार-पांच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तोच पाऊस अकोले गांवीं पोहोंचेपर्यंत इतका ओसरतो कीं, एकाच तालुक्यांत दोन हवामानें नांदतात असें म्हणावें लागतें. वरच्या अंगाला भात, खालच्या अंगाला बाजरी आणि ऊस.

या वरच्या मुलखाला डांगाण म्हणतात, आणि तेथील गुरांना डांगी. पांढऱ्या अंगावर काळे ठसे, खूर काळे आणि टणक. चिखलाच्या खाचरांत, अंगावर पाऊस घेत हें जनावर चार महिने राबतें. त्याच्या कातडीतून एक तेलकट स्राव पाझरत असतो. त्यामुळें पावसाचें पाणी अंगावर ठरत नाहीं. राजूरला दरवर्षीं या जनावरांचें प्रदर्शन भरतें आणि दूरदूरचे शेतकरी तेथें येतात. निसर्गानें डांगी बैलाला हें तेल जन्मतःच दिलें आहे. त्याच गोठ्याशेजारीं उभ्या असलेल्या मोटारीला मात्र तें माणसानें द्यावें लागतें. तें दिलें नाहीं तर काय होतें, हें समजण्यासाठीं एका गाडीची गोष्ट डोळ्यांपुढें आणावी.

शेंडीच्या पलीकडील एखाद्या वाडीवर राहणारे, प्राथमिक शाळेंतील एक गुरुजी कल्पावेत. त्यांची जीप दहा-बारा वर्षांची. आषाढांत वाडीचा रस्ता चिखलांत बुडाला तेव्हां त्यांनीं ती पडवीशेजारीं उभी केली, हातब्रेक ओढला, वर ताडपत्री घातली, आणि ते शाळेंत पायीं जाऊं लागले. गाडीची आपण चांगली काळजी घेतली असें त्यांना वाटलें. वस्तुतः ताडपत्रीखालीं वारा खेळत नव्हता. जमिनींतून वर येणारी ओल आंतल्या आंत कोंडून राहत होती. आणि ओढलेल्या हातब्रेकनें मागच्या चाकांतील पट्ट्या ड्रमला तीन महिने दाबून धरल्या होत्या. नवरात्र सरल्यावर गाडी बाहेर काढूं लागले, तेव्हां ती आधीं हलेचना. मग कट्कन् आवाज होऊन चाकें सुटलीं. त्या दिवसापासून ब्रेक दाबला कीं मागून खरखर ऐकूं येई, आणि पेडल नेहमींपेक्षां बोटभर अधिक खालीं जाई.

गुरुजींच्या आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. संगमनेरला शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती. आदल्या दिवशीं गुरुजी एकटेच गाडी घेऊन निघाले, राजूर ओलांडून विठा घाट उतरले आणि अकोल्यास आले. संध्याकाळपर्यंत ब्रेकचे लायनर बदलून घ्यावयाचे, परत वर जावयाचें, आणि पहांटे आईला घेऊन पुन्हां तोच घाट उतरावयाचा, असा त्यांचा बेत होता.

"मिस्त्री, नुसते मागचे लायनर टाकायचे आहेत," ते म्हणाले. "दोन तासांचं काम."

मिस्त्रीनें वांकून चाकाची आंतली बाजू पाहिली. "दोन तासांचंच आहे, गुरुजी. नट सुटले तर."

डाव्या चाकाचे पांच नट होते. चार सुटले. पांचवा हलेना. मिस्त्रीनें त्यावर तेल सोडलें, चार वेळां हातोडीनें ठोकलें, पान्याच्या दांड्यांत हातभर लोखंडी पाइप घातला आणि अंगाचा भार दिला. नट किंचाळल्यासारखा आवाज करून सुटला. गुरुजींना हायसें वाटलें. जोर लावला कीं काम होतें, असा त्यांचा समज झाला. आणि पुढील सगळा गोंधळ या समजांतून निर्माण झाला.

येथें गंज म्हणजे काय, हें थोडें पाहिलें पाहिजे. लोखंड, हवेंतील प्राणवायु आणि पाणी या तिघांच्या संयोगानें गंज तयार होतो. कोरड्या हवेंत लोखंड सुरक्षित राहतें; प्राणवायु नसलेल्या पाण्यांतहि राहतें. दोन्हीं एकत्र आलीं म्हणजे तें झिजूं लागतें. झिजतें असें म्हटलें तरी गंजानें व्यापलेली जागा कमी होत नाहीं, ती वाढते. मूळ लोखंडापेक्षां गंजाला दुपटीहून अधिक, कधीं कधीं सहापटीपर्यंत जागा लागते. मोकळ्या पत्र्यावर तो फुगतो आणि पापुद्रे होऊन गळून पडतो. परंतु बोल्टाचे आटे आणि नटाचे आटे यांच्यामध्यें फुगावयास जागा कोठें आहे? तेथें तो दोन्हींकडे दाब देत पाचरीसारखा ठासून बसतो. शिवाय हा गंज सच्छिद्र असल्यामुळें त्याच्याखालच्या लोखंडाला संरक्षण मिळत नाहीं. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारें सोळाशें वर्षे उघड्यावर उभा आहे, याचें कारण त्या लोखंडांतील स्फुरदाच्या अधिक प्रमाणामुळें त्याच्या पृष्ठभागावर एक दाट, पातळ कवच तयार झालें, कानपूरच्या आय.आय.टी.तील संशोधक आर. बालसुब्रमण्यम् यांनीं त्याचा सविस्तर अभ्यास केला. गाडीच्या बोल्टाला असलें कवच नसतें. त्याच्यावर जस्ताचा मुलामा असतो, आणि तो एकदां चिखलानें खरवडला गेला कीं राखण संपली.

नट सुटल्यावर ड्रमची पाळी आली. ड्रम म्हणजे चाकाच्या आंत बसणारें, ताटलीसारखें बिडाचें भांडें. एरवीं तें हातानें निघतें. येथें तें मधल्या हबला गंजानें चिकटलें होतें. बीड ठिसूळ असतें. त्याच्या कडेवर घाव घातला तर तुकडा उडतो. म्हणून मिस्त्रीनें घाव घातले नाहींत. अशा ड्रमच्या तोंडावर कित्येकदां दोन आटेदार भोंकें ठेवलेलीं असतात. त्यांत दोन बोल्ट सारखे सारखे फिरवीत गेलें कीं ड्रम आपोआप बाहेर ढकलला जातो. तीं भोंकें गंजानें बुजलीं होतीं. तीं कोरून, आटे पुन्हां पाडून, एका बोल्टाला पाव फेरा, मग दुसऱ्याला पाव फेरा, असें करीत ड्रम बाहेर आला तेव्हां पाऊण तास गेला होता. यांतील एक मिनिटहि गुरुजींनीं सांगितलेल्या कामाचें नव्हतें.

आंत पाहिल्यावर कामाचें स्वरूपच पालटलें. लायनर तर झिजलेले होतेच. पण पट्ट्यांना बाहेर लोटणारा जो लहानसा सिलिंडर असतो, त्याची एक दट्टी जाम झाली होती आणि दुसरीच्या रबराखालून ऑईल पाझरत होतें. ब्रेकचें ऑईल हवेंतील ओलावा शोषून घेतें. तें वर्षानुवर्षे बदललें नाहीं तर त्यांतलें पाणीच सिलिंडरला आंतून गंजवितें. म्हणजे बाहेरून पाऊस आणि आंतून ऑईल, अशा दोन्हीं बाजूंनीं एकाच भागावर हल्ला झाला होता. आतां सिलिंडर बदलणें भाग होतें. आणि सिलिंडर काढावयाचा तर त्याला जोडलेल्या बोरूएवढ्या बारीक लोखंडी पाइपाचा नट सोडविणें आलें.

मिस्त्रीनें त्या नटाला पाना लावला, मनगटानें हलका जोर दिला आणि तो थांबला. नट फिरत होता. पण त्याच्याबरोबर पाइपहि पिळला जात होता. नट आणि पाइप गंजानें एकजीव झाले होते.

"लावा कीं जोर," गुरुजी म्हणाले. "मघाशी पाइप घालून सोडवलात तसा."

"मघाचा स्टड अंगठ्याएवढा जाड होता, गुरुजी. हा पोकळ आहे. हा सुटणार नाही, तुटेल."

यांत सगळें कसब सांठविलेलें आहे. पान्याचा दांडा दुप्पट लांब केला कीं त्याच हाताचा जोर दुप्पट होतो, हें शाळेंतील मुलालाहि ठाऊक असतें. पण जोर दुप्पट झाला तरी बोल्टाचें बळ दुप्पट होत नाहीं. नट सुटणार असेल तर पान्याला एकदम तुटक झटका जाणवतो. तुटणार असेल तर त्याआधीं एक विचित्र मऊपणा येतो. पाना पुढें सरकतो, पण लोखंड जणूं गुळाच्या पाकासारखें त्याच्यामागून ओढलें जातें. तो मऊपणा हाताला कळला आणि तेथेंच हात थांबला, तर बोल्ट वांचतो. नवशिक्याला तो यशाचा आरंभ वाटतो. पाइप मोडला असता तर सिलिंडरबरोबर तोहि नवा आणावा लागला असता. तो बसवितांना त्याच्या दुसऱ्या टोंकाचा तितकाच गंजलेला नट उघडावा लागला असता. आणि गंजलेल्या गाडींत एक मोडलेला भाग दुसऱ्याला कसा हांक मारतो, याचा अनुभव गुरुजींना त्याच संध्याकाळीं आला असता.

मग उष्णतेचा उपाय? तो जुना आणि गुणकारी आहे. दहा मिलिमीटर व्यासाचा पोलादी नट दोनशें अंशांनीं तापविला तर त्याचें भोंक एका मिलिमीटरच्या सुमारें चाळिसाव्या हिश्श्यानें मोठें होतें. माणसाच्या केंसाच्या जाडीपेक्षांहि ही वाढ कमी. पण गंजाची पाचर खिळखिळी करावयास ती पुष्कळ असते. मात्र येथें शेजारींच पेट घेणारें ब्रेकचें ऑईल आणि वितळणारें रबर होतें. ज्योत पेटविण्याचा प्रश्नच नव्हता. उरला एकच उपाय, आणि तो गुरुजींच्या बेतांत बसणारा नव्हता : पातळ तेल सोडावयाचें आणि रात्रभर वाट पाहावयाची.

गुरुजींचा धीर सुटला. त्यांनीं एक तोड सुचविली. ती त्यांनीं कोठें तरी पाहिली होती, आणि ती अनेक ठिकाणीं केलीहि जाते. या चाकाचें ऑईलच बंद करून टाकावें. उरलेल्या तीन चाकांचा ब्रेक तर चालेल! उद्यांचा दिवस निभावला म्हणजे परवां सावकाश दुरुस्ती करतां येईल.

मिस्त्रीनें हातांतील चिंधीला हात पुसले. "उद्या विठा घाट उतरायचा आहे ना? आईला घेऊन?"

"हो."

"मग ही गाडी आज इथंच राहील."

त्याचें म्हणणें शास्त्रशुद्ध होतें. मागच्या एकाच चाकाला ब्रेक लागला नाहीं तर दाब देतांच गाडी सरळ थांबत नाहीं, एका बाजूला ओढते. सपाट, कोरड्या रस्त्यावर चालकाला ती सांवरतां येते. उतारावर, वळणावर, दंवानें ओल्या झालेल्या सकाळच्या रस्त्यावर ती सांवरेलच असें कोणी सांगावें? शिवाय ज्या ऑईलनें एक सिलिंडर खाल्ला, त्यानें बाकीचे तीन शाबूत ठेवले असतील याचाहि भरंवसा नव्हता. गुरुजी रागावले, थोडें बोलले, आणि शेवटीं गप्प बसले. गाडी ठेवून घेण्यांत मिस्त्रीचा कांहीं फायदा नव्हता. उलट तोड करून पैसे घेणें सोपें होतें, आणि तें नाकारल्यामुळें गिऱ्हाईक तुटण्याची भीति होती. आईला शेजाऱ्यासोबत सकाळच्या एस.टी.नें अकोल्यास आणावयाचें आणि तेथून पुढें गुरुजींनीं तिला संगमनेरला न्यावयाचें, असा निरोप वाडीवर गेला.

मिस्त्रीनें दोन्हीं चाकांच्या प्रत्येक नटाभोंवतीं तारेचा ब्रश फिरविला, मोकळी माती झाडली आणि थेंब थेंब तेल सोडलें. हें तेल घट्ट असून चालत नाहीं. दिव्याच्या वातींतून रॉकेल जसें आपोआप वर चढतें, तसें अत्यंत पातळ तेल गंजाच्या सूक्ष्म भेगांतून आपोआप आंत शिरतें. अधूनमधून हलके ठोके दिले कीं भेगा हालतात आणि तेलाला पुढची वाट मिळते. यांत माणसाचें काम थोडें आणि वेळेचें फार. दुकान बंद करण्यापूर्वीं मिस्त्रीनें संगमनेरच्या दुकानाला सिलिंडर पाठवावयास सांगितलें. एकाची गरज असतांना त्यानें दोन मागविले.

सकाळीं त्यानें पुन्हां पाना लावला. पण नट सोडविण्याच्या दिशेनें नव्हे. आधीं तो केंसभर आवळला. गंजाची पकड मोडावयाची असेल तर ती कोणत्याहि दिशेनें मोडली तरी चालते. मग केंसभर सैल, पुन्हां आवळणें, पुन्हां सैल, मध्यें तेल. पांच-सात वेळां असें झाल्यावर नट पाइपावर मोकळा फिरूं लागला, आणि पाइप जागच्या जागीं स्थिर राहिला. उजव्या चाकाला मात्र दैव तितकें अनुकूल नव्हतें. लायनर नेहमींच जोडीनें बदलावे लागतात, म्हणून तेंहि चाक उघडलें होतें. ऑईलमधील हवा काढण्याचें निपल, रात्रभर तेल पाजूनहि, सोडवितांना मानेशीं तुटलें. तें पोकळ असतें. सर्वांत आधीं तेंच जातें. मिस्त्रीनें एकदां डोळे मिटले, आणि दुसरा सिलिंडर हातांत घेतला. कौशल्य म्हणजे कांहींच न तुटणें, असें नव्हे; काय तुटण्याचा संभव आहे हें आदल्या दिवशीं ओळखून ठेवणें, हाहि कौशल्याचाच भाग आहे.

दोन्हीं सिलिंडर बसले, नवें ऑईल भरलें गेलें. पोऱ्यानें पेडल दाबावें, मिस्त्रीनें निपल पाव फेरा उघडावें, बुडबुडे येत आहेत तोंवर हेंच चालावें, असें चारहि चाकांचें झालें. दुपार कलली तेव्हां पेडल दगडासारखें घट्ट लागत होतें.

दुसऱ्या दिवशीं आईला एका डोळ्यावर पट्टी बांधून गुरुजी अकोल्यास परतले आणि बिल पाहून थबकले. लायनर व सिलिंडर यांची किंमत त्यांच्या अंदाजाप्रमाणें होती; मजुरी मात्र सांगितल्याच्या तिप्पट.

"लायनर टाकायची एवढी मजुरी, मिस्त्री?"

मिस्त्रीनें त्यांना चाकाखालीं वांकावयास सांगितलें आणि तो बारीक पाइप दाखविला. "लायनरची मजुरी तेवढीच आहे, गुरुजी. बाकीची या पाइपाची. हा नवा नाही, तुमचाच आहे."

गुरुजींनीं पैसे दिले. विठा घाट चढतांना त्यांनीं मध्यें एकदां गाडी थांबविली. चढावर ती जागच्या जागीं उभी राहिली. आईनें विचारलें, "का रे, थांबलास का?" ते म्हणाले, "काही नाही."

नव्या भागाची किंमत पावतीवर छापलेली असते. न मोडलेल्या भागाची किंमत कोठेंहि लिहिलेली नसते. म्हणून गिऱ्हाइकाला ती दिसत नाहीं, आणि घाईचा कारागीर तीच आधीं वाचवितो. अकोल्याची गाडी असो कीं मुंबईच्या खाऱ्या हवेंत उभी असलेली असो, ज्या श्रोत्यांच्या दारीं जुनी गाडी आहे त्यांनीं ती कारागिराकडे सोंपवितांना कामाचा वेळ विचारावा, आणि त्याबरोबर एक वाक्य जोडावें : जाम असेल तर जबरदस्ती करूं नका, थांबावें लागलें तरी चालेल. या एका वाक्यानें कित्येक बोल्ट वांचतील.

याहून बरें म्हणजे, गंजाला आधींच वाट न देणें. पावसाळ्यापूर्वीं चाकाचे नट एकदां सोडून, आटे पुसून, योग्य बेतानें पुन्हां आवळावेत. उघड्या बोल्टांच्या टोंकांना ग्रीसचा पातळ हात द्यावा. मात्र ब्रेकच्या पट्ट्यांना आणि ड्रमच्या आंतल्या अंगाला तेलाचा किंवा ग्रीसचा स्पर्शहि होतां कामा नये. ब्रेकचें ऑईल साधारण दोन वर्षांनीं बदलावें. गाडी दीर्घकाळ उभी ठेवावयाची तर सपाट जागीं, गिअरमध्यें, चाकांखालीं दगड देऊन ठेवावी. हातब्रेक ओढून ठेवूं नये. ताडपत्री घातलीच तर खालून वारा खेळेल अशी घालावी, आणि आठवड्यांतून एकदां गाडी चार हात पुढें-मागें करावी.

पुढच्या वर्षीं आषाढ लागला तेव्हां गुरुजींची जीप त्याच पडवीशेजारीं उभी होती. चाकांखालीं दगड होते, हातब्रेक सोडलेला होता. शेजारच्या गोठ्यांतील बैलाच्या पाठीवरून पाणी ओघळून जात होतें, आणि जीपच्या नटांवर बोट फिरविलें असतां बोटाला तेल लागत होतें.